फणसाला नळी नको

ठिबकचा आराखडा काढायला बसलो की मी आधी झाडं काढतो, पाणी नंतर. कागदावर एकेका झाडाचा गोल. गोल म्हणजे खोड नव्हे, दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथवर पडते तो घेर. पाणी पिणारी मुळं त्या घेराच्या काठाशी असतात, म्हणून ड्रिपर तिथं लावायचे, खोडाशी नाही. हे मी महाड-पोलादपुरात वीसेक वर्षं सांगत आलोय आणि लोक वीसेक वर्षं नळी खोडालाच गुंडाळत आलेत. घास तोंडात घालायचा असतो, ताटाच्या कडेला नाही, असं एका निवृत्त मास्तरांनी मला त्यांच्या अंगणात उभं राहून सुनावलं होतं. मी त्यांच्याशी भांडलो. मी भांडतोच. या बाबतीत माझं डोकं लवकर तापतं आणि माझे आराखडे पूर्ण असतात याचा मला नको तेवढा गर्व होता. जागेतलं एकही झाड सुटलेलं मला खपायचं नाही.

आता मी डोंगरातल्या प्रत्येक आराखड्यात एक झाड सोडतो. गिऱ्हाईक विचारतं, साहेब, हे राहिलं वाटतं? मी म्हणतो, राहिलं नाही, ठेवलंय. बहुतेकांना त्यात माझा आळस दिसतो. त्यांना मी सगळं सांगत बसत नाही. इथं सांगतो.

कुडपणच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. सहा घरं, त्यातली चार शिमग्याला आणि गणपतीला उघडतात. पाचव्यात एक जोडपं राहायचं आणि सहाव्यात, सगळ्यात वरच्या अंगाला, एक म्हातारी एकटी. तिच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. आवाजावरून माणूस सरळ वाटला.

"साहेब, आई पंच्याहत्तरची झाली आणि अजून कळशीनं झाडांना पाणी घालते. गुडघे गेलेत तिचे. सांगून ऐकत नाय. तुम्ही एकदम फुल सिस्टम लावा, ऑटोमॅटिक. मला तिचं टेन्शन नको."

मी म्हटलं, येतो. माघ संपत आला होता. आंबेनळीच्या रस्त्यानं निघून मधेच आत वळलो, गाडी जिथं थांबते तिथं थांबवली आणि उरलेलं चढून गेलो.

जागा बघून मी खूश झालो. डोंगरातला झरा, त्याची वर बांधलेली टाकी, टाकीपासून घरापर्यंत छान उतार. मोटर नको, वीज नको, पाणी आपल्या वजनानं येणार. आंब्याची कलमं, काजू, दोन चिकू, एक रामफळ. अगदी खाली, घराच्या मागच्या दाराशी जास्वंद, तगर, अबोली, कढीलिंब. आणि सगळ्यांपासून लांब, वरच्या अंगाला, जिथं जमीन संपून खाली दरी सुरू होते तिथं एक जुना फणस.

म्हातारी कळशी कमरेवर घेऊन माझ्यासोबत फिरत होती. मी टेपनं घेर मोजत होतो, ती प्रत्येक झाडाला थोडं थोडं पाणी घालत होती. मी थांबलो की थांबायची, माझ्याकडे बघायची, पुढं चालू लागायची. शेवटी फणसापाशी आलो. कळशीत उरलेलं पाणी तिनं बुंध्याशी ओतलं. मला हसू आलं. एवढ्या मोठ्या फणसाला कळशीभर पाणी म्हणजे काय! त्याची मुळं कुठच्या कुठं गेलेली असतात, त्याला उन्हाळ्यात कुणाच्या पाण्याची गरजच नसते.

"मावशी, याला पाणी लागत नाही," मी म्हटलं.

"म्हायती हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात दरीच्या पलीकडून आवाज आला. कूऽऽ. समोरच्या उतारावर, आमच्याच उंचीवर, एक घर होतं आणि घरासमोर कुणीतरी उभं होतं. इथून बोटभर दिसत होतं. माझ्या शेजारी म्हातारीनं तोंडाला हात लावला आणि तेवढाच लांब कुकारा घातला. मग दोघीही आपापल्या कामाला लागल्या.

"कोण आहे?" मी विचारलं.

"तिकडची म्हातारी. ती पन येकटीच. माजं घर तिला दिसत नाय, मी हितं दिसले की ती हाक घालते, मग मी घालते. रोजचं हाय."

"भेटता का कधी?"

"मधला पऱ्याचा वढा उतरून चढायचा, गुडघं कुठं हायत? सात-आठ वर्सं झाली. पन हाक घातली की कळतं."

काय कळतं ते मी विचारलं नाही. मला फिल्टर कुठं बसवायचा याची चिंता होती.

आठवड्यानं फिटर घेऊन परत गेलो. नळ्या टाकत टाकत आम्ही फणसाच्या बाजूला आलो तेव्हा ती ओटीवरून उठून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"साहेब, फणसाला नळी नको."

"का?"

"त्याला मी घालते."

मी खरं तर तिच्याच बाजूचा होतो. त्या झाडाला पाण्याची गरज नव्हती, तिथवर नळी नेणं म्हणजे उगाच लांबण. पण संध्याकाळी खाली रेंजमध्ये आल्यावर मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "नाय साहेब, फणसाला पण लावा. एक झाड ठेवलंत तर ती त्या एका झाडासाठी कळशी घेऊन जाईलच. मी ओळखतो आईला." आणि ते मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा माझा तो जुना रोग उफाळून आला. पंचवीस झाडांतलं एक कोरं राहिलेलं कागदावर मला आधीच टोचत होतं. दुसऱ्या दिवशी मी फणसाभोवती नळीचं कडं टाकलं आणि त्यावर चार ड्रिपर लावले. ज्या झाडाला पाणी नको त्याला पाणी दिलं, एका बाईनं तिथं चालत जाऊ नये म्हणून. हे वाक्य असं सरळ लिहायला मला चार वर्षं लागली.

तिनं ते कडं बघितलं. फक्त म्हणाली, "आता काय, तुमी मोठी मान्सं."

टायमर लावला. सकाळी सहाला वॉल्व उघडणार, आठला बंद होणार. एक खोट राहिली होती ती मला माहीत होती. उतारावर वॉल्व बंद झाला तरी नळ्यांत उरलेलं पाणी खाली सरकत राहतं आणि सगळ्यात खालच्या ड्रिपरमधून गळत बसतं. म्हणजे मागच्या दाराशी, जास्वंदीच्या बुडाशी, दुपारपर्यंत टपटप चालायची. त्यावर उपाय आहे, वेगळे ड्रिपर मिळतात. ते माझ्याकडे त्या दिवशी नव्हते. पुढच्या वेळी बदलू म्हटलं आणि डोंगर उतरलो.

महिन्यानं दुसऱ्या कामाला त्या बाजूला गेलो तेव्हा तिच्याकडे डोकावलो. कलमांची पालवी टवटवीत होती. ती ओटीवर बसून होती. पावशेर पावटे ती इतक्या सावकाश सोलत होती, की दिवसभर पुरावेत.

"काय मावशी, आराम ना? फणसाकडे जाता की नाही आता?"

"पयले चार दिस गेले. पन रिकाम्या हातानं कशाला जायाचं? लोकं काय म्हनतील, म्हातारी भटकते."

वाडीत बघायला लोक होते कुठे? पण मी हसलो, आणि खाली येऊन मुलाला कळवलं की काम फत्ते, आई घरात बसते. तोही खूश झाला. त्या वेळी फणसाकडे बघून मला काही आठवलं नाही, समोरच्या घराकडे माझी नजरही गेली नाही.

वैशाखात मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. त्याचा आवाज फाटला होता.

आई मागच्या दारी पडली होती. देवाला फुलं काढायला गेली आणि पडली, खुबा मोडला. शुक्रवारी सकाळी पडली आणि रविवारी सकाळी सापडली. खालचं जोडपं लग्नाला गेलं होतं, ते परतलं म्हणून सापडली. मुलानं शनिवारी फोन लावला होता, लागला नाही. डोंगरात रेंज नसते, त्याला नवल वाटलं नाही. डोलीत घालून तिला रस्त्यावर आणली, तिथून जीपनं पोलादपूर, तिथून महाड.

"पण साहेब," तो रडत म्हणाला, "तुमच्या ठिबकनं आई वाचली. डॉक्टर बोलले, पाणी मिळालं नसतं तर या उन्हात गेली असती. ती जास्वंदीजवळ पडली होती. ड्रिपरखाली हात धरून पाणी पीत होती दोन दिवस. तुमचे उपकार फेडू शकत नाय मी."

फोन ठेवला आणि मी स्टुलावर बसलो. जो ड्रिपर बदलायचा राहिला होता, त्यानं तिला पाणी पाजलं होतं. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अर्धा तास तरी मी स्वतःवर खूश होतो.

मग दवाखान्यात गेलो. खाटेवर ती फार लहान दिसत होती. मुलगा औषधं आणायला गेला होता. तिनं मला ओळखलं, आणि पहिल्यांदाच मला साहेब म्हणाली नाही.

"पोरा, तुझं पानी लई गोड लागलं."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"पडले तवा ऊन यायाचं होतं. म्हटलं, आता ती हाक घालंल. मी दिसले नाय तर कुनाला तरी धाडंल. आयकत पडले. नाय घातली. मग ध्यानात आलं, ती तरी कशाला घालंल? दोन म्हयने मी तिला दिसलेच नाय. तिला वाटलं आसंल, पोरानं मुंबयला नेली."

आमच्याकडे हे असंच असतं. वाडीवरचं म्हातारं माणूस दिसेनासं झालं की कुणी घाबरत नाही, कुणी दार वाजवत नाही. मुंबईला नेलं असेल म्हणतात आणि त्यातही नेणाऱ्या मुलाचं कौतुकच असतं. घराला कुलूप आहे की नाही हे बघायला दरी ओलांडून कोण जाणार?

"त्या फणसाची नळी काढ," ती म्हणाली. "आनी माज्या पोराला यातलं काय सांगू नको. तो बिचारा आपला तुज्या पाया पडतोय, पडू दे."

मी तिला विचारायला हवं होतं की ती कशावरून घसरली. जास्वंदीच्या बुडाशी माझ्या ड्रिपरनं रोज दुपारपर्यंत चिखल व्हायचा. त्या चिखलावरून घसरली, की नुसताच गुडघा दगा देऊन गेला? विचारायची हिंमत झाली नाही. मुलगा औषधं घेऊन आला आणि खरंच माझ्या पाया पडला. मी त्याला पडू दिलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

तिला मुंबईला नेली, या खेपेला खरोखर. त्याच पावसाळ्यात ती तिकडेच वारली.

मुलानं मला विनंती केली की आईची झाडं जगली पाहिजेत, तुम्ही लक्ष ठेवा. तेव्हापासून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मी तिथं जातो. फिल्टर धुतो, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढतो, झाडाचा घेर वाढला की ड्रिपर बाहेर सरकवतो. खालचे ड्रिपर बदलले नाहीत. बदलायला हात धजत नाही. बंद घराच्या मागच्या दाराशी ते गळत असतात, जास्वंद फुलांनी लगडलेली असते आणि मला तिकडे पाठ करून काम करता येत नाही. घरी महाडला मोरीतला नळ थेंब टाकू लागला तर मी जेवणावरून उठतो. बायको म्हणते, दुसऱ्यांच्या घरी थेंब थेंब पाणी सोडता आणि स्वतःच्या घरी एक थेंब सोसवत नाही! तिला मी फक्त अर्धंच सांगितलंय.

फणसाचं कडं मी पहिल्याच फेरीत कापून काढलं. कापलं खरं, पण मग तिथं नुसतं उभं राहवेना. पडवीत तिची कळशी पालथी होती. ती घेतली, टाकीवर भरली, खांद्यावरून फणसापाशी नेली आणि बुंध्याशी ओतली. झाडाला पाणी लागत नाही हे मला माहीत होतं.

कूऽऽ.

मी मान वर केली. समोरच्या घरापुढं ती बोटभर आकृती उभी होती. तिला वाटलं असणार, मैत्रीण परत आली. कळशी घेतलेलं माणूस, फणसाखाली, दुसरं कोण असणार? ती मेली हे तिला कुणी सांगितलं नसावं. मी काय करायला हवं होतं? ओरडून सांगायचं होतं? दुसऱ्यांदा हाक आली, पहिल्यापेक्षा जरा लांब. मी कळशी खाली ठेवली, तोंडाला हात लावला आणि उत्तर दिलं. आवाज जमेल तितका बारीक काढला. समोरची आकृती आत गेली.

तीन उन्हाळे हे असंच चाललं. मेलेल्या बाईच्या नावानं मी ओरडत होतो. दर वेळी वाटायचं, आपण या म्हातारीला फसवतोय, पुढच्या वेळी पऱ्या ओलांडून जाऊ आणि खरं काय ते सांगू. दर वेळी उन्हं चढायची, पाय दुखायचे आणि मी गाडीकडे निघायचो. माझेही गुडघे आता कुरकुरतात.

या वर्षी माझ्या दोन खेपा चुकल्या. कामं होती, मग गुडघ्याला पट्टा बांधून बसलो होतो. चैत्र उलटल्यावर गेलो. फिल्टर धुतला, कळशी भरली, फणसाला पाणी घातलं आणि उभा राहिलो.

हाक आली नाही.

थांबलो. समोरचं घर दिसत होतं, अंगणात कुणी नव्हतं. मी स्वतः कुकारा घातला, एकदा, दोनदा. दरीत माझाच आवाज फिरून विरला. वाऱ्यानं फणसाची सुकलेली पानं खाली पडत होती. दहा मिनिटं झाली असतील. मग मी कळशी उचलली आणि वळलो, आणि वळताना मनात सहज आलं, मुंबईला नेली असेल.

हे मी, ज्याला सगळं माहीत होतं त्यानं, मनात म्हटलं. कळशी हातातून सुटली आणि घरंगळत कलमांकडे गेली. मी तशीच टाकून पऱ्याकडे उतरू लागलो.

उतरायला अर्धा तास गेला, चढायला त्याहून जास्त. पायाखालचे दगड सुटत होते आणि मी त्यांना, स्वतःला, तिच्या मुंबईतल्या मुलांना, सगळ्यांना शिव्या घालत होतो. दार उघडं दिसलं. मागच्या दाराकडे पळालो. तिथं कुणी नव्हतं.

"कोन हाय?" आतून घोगरा आवाज आला.

ती चुलीपाशी बसली होती. गळ्याला फडकं गुंडाळलेलं. आवाज बसला होता, चार शब्द बोलली की खोकला येत होता. तरी मला बघून ती मुळीच दचकली नाही. पाट सरकवला, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तिची मैत्रीण गेली, आता चौथा उन्हाळा, फणसाखाली कुकारा घालायचो तो मी, मला माफ करा.

"ती गेली ते त्याच म्हयन्यात कळलं की मला," ती म्हणाली. "आनी तू बाप्या हायस ते पयल्या दिशीच दिसलं. कळशी खांद्यावर घेतोस. बाईमानूस कमरेवर घेतं."

"मग हाक कशाला घालत होता?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की हा एवढा शिकलेला माणूस, याला एवढंही कळू नये.

"फनसाखाली मानूस दिसलं की घालायची. कुनी का आसंना."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ती खोकली, फडकं सारखं केलं आणि मग जरा रागानंच म्हणाली,

"पन तू दोन म्हयने दिसला नायस. मी म्हटलं, गेला हा पन मुंबयला."